संध्याकाळच्या बाजारात पायी चालायचं कुठून?

निंबाची सावली, जळगाव | रविवार, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस हा धागा काढायचं मनात होतं, आज बसून लिहितेच.

माझे वडील ७४ वर्षांचे. दीड वर्षापूर्वी उजव्या अंगावरून अर्धांग गेलं. आता चार पायांची काठी घेऊन बऱ्यापैकी चालतात. डॉक्टरांनी सांगितलंय, रोज चाला, चार लोकांत जा, बोला. त्यांचं उभं आयुष्य बळीराम पेठेत गेलं, त्यामुळे चालायला जाऊ म्हटलं की बागेचं नाव घेत नाहीत, बाजारातच जायचं असतं. गेल्या महिन्यात आईची तुटलेली साखळी सांधायला सराफाकडे निघालो. रिक्षाने टॉवर चौकात उतरलो. तिथून पुढे धडधाकट माणसाला पाच-सात मिनिटांचं अंतर.

आधी दुकानाचा ओटा. ओट्याला जोडून पुढे काढलेली लोखंडी पायरी. पायरीपुढे साड्या नेसवलेले पुतळे. त्यांच्यापुढे आडव्या लावलेल्या मोटारसायकली, त्यांच्यापुढे लोटगाड्या, आणि लोटगाड्यांपुढे प्लेट हातात धरून उभी असलेली माणसं. बाबांना चालायला उरला तो भर रस्ता. दोघांनी जोडीने चालायला जागा नव्हती म्हणून मी एक पाऊल मागे राहिले, आणि तेवढ्यात समोरून आलेल्या रिक्षाचा आरसा त्यांच्या कोपराला लागला. जोरात नाही लागला. ते काही बोललेही नाहीत. साखळी सांधून घेतली, घरी आलो. रात्री बघते तर एकटेच बसून कोपरावरून हात फिरवत होते. तेव्हापासून बाजाराचं नाव काढलं की म्हणतात, "तूच जाऊन ये ना बेटा."

आता दुसरी बाजूही सांगते. त्याच रस्त्यावरच्या गाडीची पाणीपुरी मी कॉलेजात असल्यापासून खाते. थंडीत भरीत-पुरीची गाडी लागली की आमच्या घरातून हमखास कुणीतरी डबा घेऊन जातं. त्या गाड्या उठाव्यात असं मला मुळीच वाटत नाही. मग जागा जाते कुठे, हे बघायला भाच्याला घेऊन एका संध्याकाळी टेप लावून मोजलं. रस्त्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही, अमक्याच्याच दुकानावर बोट नको.

या दाराच्या उंबऱ्यापासून त्या दाराच्या उंबऱ्यापर्यंत ४२ फूट. ओटे आणि पायऱ्या दोन्हीकडून ३-३ फूट, म्हणजे ६. दुचाकी दोन्हीकडून ६-६, म्हणजे १२. एका बाजूला लोटगाड्या आणि त्यांची गिऱ्हाइकं मिळून ७. राहिले १७ फूट. त्यात येणाऱ्या-जाणाऱ्या रिक्षा, चारचाकी, सायकली आणि आपण सगळे.

भाच्याने आणखी एक केलं. एका रांगेत ३१ दुचाकी होत्या. साडेसहाला त्याने सगळ्यांच्या नंबरांचे शेवटचे आकडे वहीत लिहून घेतले आणि साडेआठला परत ताडून पाहिले. १९ गाड्या जागच्या हललेल्याच नव्हत्या. गिऱ्हाईक दोन तास थांबत नाही. या गाड्या दुकानदारांच्या आणि दुकानात कामाला असलेल्यांच्या.

तुमच्या गावात काय आहे ते लिहा. धुळे, भुसावळ, नंदुरबार, अमळनेर, सगळीकडचं वाचायचंय.

कापडबाजार, जळगाव | रविवार, रात्री ११.१५

ताई, बाबांचं वाचून वाईट वाटलं. पण मी दुकानदार आहे, तेव्हा माझं म्हणणं स्पष्ट मांडतो.

माझ्याकडे सहा जण कामाला आहेत. दोन असोद्याहून येतात, एक जण थेट नशिराबादहून. रात्री नऊला शटर खाली ओढल्यावर त्यांना घरी जायला बस नाही, रिक्षा परवडत नाही. गाडी आणल्याशिवाय कामावर येणंच शक्य नाही. ती लावायची कुठे? आमच्या इमारतीच्या नकाशात तळघर पार्किंगसाठी दाखवलंय, पण मी भाड्याने यायच्या आधीपासून तिथे गाळे आहेत. ते मी पाडायला लावू शकत नाही.

दुसरं, लग्नसराईत बस्ता बांधायला अख्खं कुटुंब येतं. त्यांची गाडी दारात थांबली नाही तर ते रिंग रोडवरच्या मोठ्या दुकानात जातात. गिऱ्हाईक एकदा गेलं की परत येत नाही, हे मी वीस वर्षं बघतोय. तुमच्या टेपमध्ये आमची उधारी आणि भाडं मोजलं जात नाही.

पांझराकाठ, धुळे | सोमवार, सकाळी ७.०५

ताई, तुमनं म्हननं सोळा आना खरं शे. आमना धुयामाबी हाईच गत.

अहिराणी सोडून मराठीत लिहितो म्हणजे सगळ्यांना कळेल. धुळ्याचं दुखणं जरा निराळं आहे. १८१८ नंतर इंग्रजांनी खानदेश घेतला आणि कॅप्टन ब्रिग्जने धुळ्याला मुख्यालय केलं. तेव्हा नवी पेठ सरळ रेषेत आखली. आजही आम्ही पत्ता सांगताना गल्लीचा नंबरच सांगतो. म्हणजे आमच्या शहराला आखणी नव्हती असं कुणी म्हणू नये. त्याच आखीव गल्ल्यांना लागून आग्रा रोड. नाव ऐकून बाहेरच्यांना हायवे वाटतो, आणि एके काळी तो मुंबई-आग्रा रस्ताच होता. ट्रक बाहेरच्या रस्त्याने जायला लागले आणि हा राहिला बाजाराचा रस्ता. पण त्याला वागवतात अजून हायवेसारखंच. गाडी अडली की पहिली बोंब "रस्ता मोकळा करा". मोकळा कुणासाठी? गाडीसाठी. पाच कंदील चौकाकडून पिशवी घेऊन येणाऱ्या बाईसाठी रस्ता मोकळा करा असं मी अजून एकदाही ऐकलं नाही.

रस्ता कोना शे, हाऊच सवाल शे.

बडगी, चोपडा तालुका | सोमवार, दुपारी २.२०

मी भरीत-पुरीची गाडी लावणाऱ्या माणसाचा मुलगा. आता नोकरी करतो, पण गाडी अजून आहे, आईवडील दोघं उभे राहतात. आमच्या बाजूने इथे कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो.

लोकांना संध्याकाळची गाडी दिसते. आमच्या घरी काम पहाटे सुरू होतं. वांगी निवडायची, कपाशीच्या काड्यांवर भाजायची, सोलायची, मग बडगीत, म्हणजे लाकडी भांड्यात, मिरची-लसूण घालून ठेचायची. माझ्या आईच्या उजव्या तळव्याला मुसळीचा घट्टा आहे, तो तसाच दिसतो. संध्याकाळी पाचला गाडी लागते, साडेदहाला निघते. साडेपाच तास रस्ता वापरायला मिळावा म्हणून चौदा तासांचं काम.

तीन वर्षांपूर्वी एका संध्याकाळी अतिक्रमण पथक आलं. नोटीस नाही, काही नाही. गाडी उचलून ट्रॅक्टरमध्ये टाकली, भरताचं पातेलं रस्त्यावर आडवं झालं. गाडी सोडवायला अकरा दिवस लागले.

तेव्हा मी कायदा वाचला. पथविक्रेत्यांचा केंद्राचा कायदा २०१४ चा आहे. आधी विक्रेत्यांचं सर्वेक्षण करायचं, सगळ्यांना प्रमाणपत्रं द्यायची, आणि ते होईपर्यंत कुणालाही उठवायचं नाही, असं त्यात सरळ लिहिलंय. हलवायचं असेल तर ३० दिवसांची नोटीस. माल जप्त केला तर नाशवंत माल मागितल्याच्या दिवशी परत, बाकीचा दोन कामकाजी दिवसांत. नगर पथविक्रेता समितीत ४० टक्के जागा विक्रेत्यांच्या, त्यातही एक तृतीयांश बायका. ५० वर्षांहून जुना बाजार असेल तर तो वारसा बाजार, तिथल्या विक्रेत्यांना हलवायचंच नाही. हे सगळं मला भरीत सांडल्यावर कळलं, आधी कुणी सांगितलं नव्हतं.

वडिलांनी पथविक्रेत्यांसाठीच्या केंद्राच्या स्वनिधी योजनेचं १०,००० चं कर्ज घेतलं, फेडलं, मग २०,००० चं घेतलं. त्याचा हप्ता चालू असतानाच "गावाबाहेरच्या मैदानात जा" म्हणाले. मैदानात माणूसच फिरकत नाही. भरीत-पुरी खायला कुणी मुद्दाम मैदानात जात नाही, बाजारात आलेला माणूस जाता जाता खातो.

ताई, तुमच्या बाबांना त्रास होऊ नये असं मलाही वाटतं. पण तुमच्या ४२ फुटांतले आमचे ७ आहेत, आणि ट्रॅक्टर पहिला आमच्याकडेच येतो.

निंबाची सावली, जळगाव | सोमवार, दुपारी ३.०२

बडगी भाऊ, आईंना माझा नमस्कार सांगा. तुमचं शेवटचं वाक्य मी दोनदा वाचलं. १२ फूट दुचाकींना गेलेत, हे मोजल्यावर मलाही पहिल्यांदाच कळलं. त्याआधी मलासुद्धा गर्दी म्हणजे लोटगाड्याच वाटायच्या.

नकाशा, मूळ यावल, आता पुणे | सोमवार, रात्री ९.३०

नगररचनेचं काम करते, म्हणून थोडं तांत्रिक. कंटाळा आला तरी वाचा, कारण पुढच्या बैठकीत हेच उपयोगी पडेल.

पादचाऱ्यांच्या सोयींसाठी इंडियन रोड्स काँग्रेसची मार्गदर्शिका आहे, क्रमांक १०३. फुटपाथवर कमीत कमी १.८ मीटर रुंदीची पट्टी पूर्ण मोकळी हवी, म्हणजे जवळपास ६ फूट. दोन व्हीलचेअर समोरासमोर आल्या तर एकमेकींना ओलांडून जातील, असा त्यामागचा हिशेब. आणि फुटपाथची उंची १५० मिलिमीटरच्या वर नको. आपल्याकडे पावसाचं पाणी दुकानात शिरू नये म्हणून फुटपाथ फूटभर उंच करतात. मग ताईंच्या बाबांसारखा माणूस त्यावर चढूच शकत नाही, तो खालूनच चालतो. आणि मग आपणच म्हणतो, फुटपाथ कुणी वापरत नाही.

फुटपाथ तीन पट्ट्यांचा असतो. दुकानालगतची पट्टी, जिथे लोक काचेतून बघत थांबतात. मधली चालायची, तिथे काहीही नको. बाहेरची, रस्त्याकडची, तिथे झाड, दिव्याचा खांब, बाकडं आणि लोटगाडी. भांडण बहुतेक वेळा लोटगाडी आहे की नाही यावर होतं. खरं बघायला हवं ते ती कोणत्या पट्टीत आहे आणि तिचं तोंड कुठे आहे. गाडीचं तोंड दुकानांकडे असेल तर खाणारे चालायच्या पट्टीत उभे राहतात. तोंड रस्त्याकडे असेल तर ते वाहनांत उभे राहतात, पाठीमागून हॉर्न. दोन्ही वाईट. उपाय असा की गाडीसमोरची दोन चारचाकींच्या पार्किंगची जागा घ्यायची, तिला रस्त्याच्या बाजूने भक्कम कठडा लावायचा आणि ती खाणाऱ्यांना द्यायची. दोन मोटारी थांबतात तिथे दहा-बारा माणसं नीट उभी राहून खातात. तळायची कढई आतल्या बाजूला ठेवायची, चालणाऱ्याच्या किंवा लहान मुलाच्या कोपरापाशी उकळतं तेल येता कामा नये.

मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सांगितलंय की विनाअडथळा फुटपाथ मिळणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. दुसरीकडे रस्त्यावर व्यवसाय करण्याचा हक्कही न्यायालयाने १९८९ सालीच मान्य केलाय, अर्थात नियमांच्या अधीन राहून. दोघांनाही हक्क आहे. गाडी दारात लावण्याचा हक्क मात्र मला कुठल्या निकालात सापडलेला नाही.

कापडबाजार, जळगाव | सोमवार, रात्री ९.५५

मॅडम, तुमच्या पुण्यात लक्ष्मी रोड तरी बंद केला का कायमचा?

नकाशा, मूळ यावल, आता पुणे | सोमवार, रात्री १०.२०

कायमचा नाही, दादा. २०२१ पासून ११ डिसेंबरला पादचारी दिन करतात, त्या दिवशी लक्ष्मी रोडचा ठरावीक तुकडा वाहनांना बंद असतो. मी गेले आहे. लहान मुलं रस्त्यावर खडूने चित्रं काढत बसलेली, म्हाताऱ्या बायका अगदी मधोमध खुर्ची टाकून बसलेल्या. दुसऱ्या दिवशी सगळं पहिल्यासारखं. एका दिवसाने सवय बदलत नाही, पण रस्ता केवढा आहे हे लोकांना दिसतं.

दिल्लीत चांदनी चौकाला जास्त कडक केलं. लाल किल्ल्यापासून फतेहपुरीपर्यंतचा रस्ता नव्याने बांधून २०२१ मध्ये खुला झाला, आणि सकाळी ९ ते रात्री ९ मोटारगाड्या बंद. माल उतरवायचा तो रात्री ९ नंतर. नियम चांगला, पण राखायला माणसं लागतात. माणूस हटला की दुचाकी पुन्हा आत. जळगावात करायचं तर दाणाबाजारात माल कधी उतरणार, हमाल कधी येणार, याची वेळ आधी ठरवावी लागेल. ती न ठरवता रस्ता बंद केला तर पहिल्या आठवड्यात व्यापारी रस्त्यावर उतरतील, आणि त्यांचं चुकलं असंही म्हणता येणार नाही.

मेहरूण, जळगाव | मंगळवार, पहाटे ५.५०

मी वयाने या सगळ्यांपेक्षा मोठा. लहानपणापासून कार्तिकी एकादशीचा रथ बघत आलो. रथाच्या दिवशी काय होतं ते आठवा. जुन्या गावातल्या ज्या रस्त्यावर एरवी सायकल वळत नाही, तिथून एवढा उंच रथ जातो. त्या दिवशी पायऱ्या आत जातात, शेड वर होतात, दुचाकी कुठे जातात कुणास ठाऊक, पण एकही दिसत नाही. मोगरीवाले चाकाखाली मोगरी, म्हणजे लाकडी ठोकळा, सरकवत रथ वळवतात, तेव्हा हातभर इकडे नाही की तिकडे नाही. आणि दोन्ही बाजूंना हजारो माणसं उभी, पानफूल-नारळाची, खाण्याची दुकानं लागलेली.

रस्ता तोच, दुकानंही तीच. कुणी पोलीस लावून उचलायला लावत नाही. आदल्या रात्री दुकानदार स्वतः आपली पायरी उचलतो, कारण रथाला वाट द्यायची असते. कापडबाजार भाऊ, तुम्हीही उचलत असाल.

निंबाच्या सावलीतल्या बाई, तुमच्या वडिलांना मी ओळखत असेन कदाचित. त्यांना सांगा, बाजार सोडू नका.

कापडबाजार, जळगाव | मंगळवार, सकाळी १०.१०

आबा, उचलतो. माझ्या वडिलांपासून उचलतो आहोत.

सारंगखेडा, शहादा तालुका | मंगळवार, दुपारी १.३०

वेळेचं गणित मांडतो. कामानिमित्त इंदूर आणि अहमदाबादला सारखं जाणं असतं. इंदूरच्या सराफ्यात दिवसा सोन्या-चांदीची दुकानं. रात्री ती बंद झाली की त्याच ओट्यांवर गराडू, भुट्ट्याचा कीस, जिलबी, आणि मध्यरात्र उलटेपर्यंत माणसं. अहमदाबादचा माणेक चौक तर तीन पाळ्यांत चालतो, सकाळी भाजी, दिवसा सराफ बाजार, रात्री खाणं. जागा एकच, पण एका वेळी एकाचीच.

आपल्याकडे तर हे ऊनच ठरवून देतं. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या आसपास गेला की दुपारी बारा ते पाच बाजारात कुत्रंही नसतं. लोक बाहेर पडतात सातनंतर, आणि नेमकी तीच वेळ खाण्याची, खरेदीची, कामावरून घरी परतण्याची. सगळं सात ते नऊ या दोन तासांत कोंबलेलं. तेवढे दोन-तीन तास वाहनं दुसऱ्या गल्लीने वळवली तर बाकीचे एकवीस तास दुकानदारांचं काही बिघडत नाही.

इंदूरला छप्पन दुकानचा रस्ताही २०२० मध्ये वाहनांना बंद करून बसायच्या जागा केल्या. खाणारे कमी झाले नाहीत. फक्त सराफ्यासारख्या अरुंद गल्लीत गॅसच्या टाक्या पाहून माझा जीव घाबरा होतो. दाटीत आग लागली तर बंब शिरायचा कुठून? आपण करू तेव्हा बंबाची वाट आधी आखावी, मग गाड्यांच्या जागा.

सातपुडा, नंदुरबार | मंगळवार, रात्री ८.४५

बाईच्या बाजूने लिहिते. माझी ड्यूटी रात्री साडेनऊला सुटते. ज्या रस्त्यावर अंडाभुर्जीची, डोश्याची गाडी उभी असते त्या रस्त्याने मी निर्धास्त येते. दिवा असतो, माणसं असतात, गाडीवाली मावशी मला नावाने ओळखते. मागे एकदा आठ दिवस सगळ्या गाड्या उठवल्या होत्या. रस्ता झाडून पुसून मोकळा झाला, रुंदही दिसायला लागला. ते आठ दिवस मी भावाला घ्यायला बोलवत होते.

गाड्या उठवून सुरक्षितता येते असं ज्यांना वाटतं त्यांनी रात्री साडेनऊला एकटं चालून बघावं.

आणि बायकांसाठी स्वच्छतागृह. खाण्याची जागा ठरवताना त्याचा नकाशा सोबत हवा. गाडीवर दिवसभर उभ्या असणाऱ्या बायका पाणी पीत नाहीत, जायला जागा नाही म्हणून. बडगी भाऊ, तुमच्या आईंना विचारून बघा.

बडगी, चोपडा तालुका | मंगळवार, रात्री ९.२०

विचारलं. पाचनंतर पाणी पीत नाही म्हणाली. इतक्या वर्षांत मला हे माहीत नव्हतं.

बोरीकाठ, अमळनेर (सध्या न्यू जर्सी) | बुधवार, सकाळी ६.१५

मी न्यूयॉर्कला नोकरी करतो, म्हणून तिथलं सांगतो. २०२० मध्ये कोविडमुळे हॉटेलांत आत बसायला बंदी आली, तेव्हा शहराने फुटपाथलगतची पार्किंगची पट्टी हॉटेलांना दिली. १२,००० हून जास्त हॉटेलांनी भाग घेतला. सुरुवातीला सगळ्यांना फार आवडलं. मग लाकडी शेड पक्क्या घरासारख्या झाल्या, काही हॉटेलं बंद पडली तरी शेड तशाच, खाली उंदीर, रात्रीचा गोंगाट, कचरा उचलणाऱ्यांना वाट नाही. शेवटी २०२४ पासून नवे नियम आले. रस्त्यावरची बैठक एप्रिल ते नोव्हेंबरच, थंडीत सगळं सोडवून न्यायचं, आणि जागेचं भाडं क्षेत्रफळाप्रमाणे भरायचं.

त्यातून मी दोन गोष्टी शिकलो. रस्त्यावर जे ठेवाल ते सोडवून नेता आलं पाहिजे. आपल्याकडे थंडीऐवजी पावसाळा धरा, जून ते सप्टेंबर गटारावर फळ्या टाकून ठेवल्या तर तुंबणार. आणि सार्वजनिक जागेचं भाडं मोठ्या हॉटेलने भरावं. आत ऐंशी खुर्च्या असलेल्या हॉटेलने बाहेर वीस टाकणं आणि बडगी भाऊंच्या घरच्यांनी एक गाडी लावणं या एका तराजूत तोलायच्या गोष्टी नाहीत. आपल्याकडे तर कित्येक हॉटेलं इमारतीपुढची सामासिक, म्हणजे नियमाने मोकळी सोडायची, जागाच खुर्च्यांनी भरतात, आणि त्या जागेतलं पार्किंग मग रस्त्यावर येतं.

भुसावळ जंक्शन | बुधवार, दुपारी १२.४०

मी रिक्षा चालवतो. आरसा लागल्याचं वाचलं. मी असतो तर थांबून माफी मागितली असती.

आम्ही रस्त्याच्या मधे थांबतो, अशी सगळ्यांची तक्रार. थांब्याच्या पाटीखाली दुचाकी लावलेल्या असतात, मग उभं राहायचं कुठे? स्टेशनवरून बॅगा घेऊन आलेलं कुटुंब उतरवताना मागून दहा हॉर्न. थांब्याची तेवढी जागा पिवळ्या पट्ट्याने आखून मोकळी ठेवा, मधे एकही रिक्षा दिसणार नाही. रस्ता बंद करणार असाल तर दोन्ही तोंडांना थांबा द्या. ताईंच्या बाबांसारख्यांना त्या तोंडापर्यंत आम्हीच आणणार.

निंबाची सावली, जळगाव | बुधवार, रात्री १०.०५

सगळ्यांचं वाचून, आमच्या वॉर्डातल्या दोघा-तिघांशी बोलून एक अर्ज लिहायला घेतलाय. मागणी लहान ठेवली आहे, म्हणजे नाही म्हणायला कारण उरणार नाही. एकच रस्ता, एकच महिना, संध्याकाळी साडेसहा ते साडेदहा.

दुकानांना लागून ६ फुटांचा पांढरा पट्टा, त्यात पुतळा नाही, गाडी नाही, पायरी नाही. लोटगाड्या आहेत त्याच राहतील, एकही कमी होणार नाही, फक्त पट्ट्याच्या बाहेरच्या कडेला आणि समोर खाणाऱ्यांना कठड्याआड जागा. कामावरच्या लोकांच्या दुचाकी जवळच्या शाळेच्या पटांगणात, संध्याकाळी ते रिकामंच असतं. रिक्षाथांबा दोन्ही तोंडांना. मधली बंबाएवढी वाट कायम मोकळी. नगर पथविक्रेता समितीत हा विषय घ्यावा आणि गाडीवाल्या बायकांना विचारल्याशिवाय जागा आखू नयेत, हेही लिहिलंय. स्वच्छतागृहाचा मुद्दा सातपुडाताईंचा, तो पहिल्या पानावर घेतला.

कापडबाजार दादा, शाळेचं पटांगण तुमच्या दुकानापासून किती पावलं?

कापडबाजार, जळगाव | बुधवार, रात्री १०.५०

आज दुकान बंद केल्यावर चालून बघितलं. २४० पावलं. पोरांना विचारलं, ते म्हणाले रात्री तिथे दिवा असेल आणि एखादा रखवालदार असेल तर लावू. रखवालदाराचा पगार आमच्या ओळीतली दुकानं मिळून देतील, मी सातजणांशी बोललो, पाचजण तयार आहेत. गिऱ्हाइकांच्या गाड्यांचं माझं म्हणणं अजून तसंच आहे, महिनाभरात विक्री पडली तर मी इथेच येऊन लिहीन.

लोखंडी पायरी उद्यापासून आत घेतो. तिला अर्जाची वाट बघायची गरज नाही.

मेहरूण, जळगाव | गुरुवार, पहाटे ५.४०

अर्जाला समोरच्या बाजूचंही मोजमाप जोडावं लागेल. पन्नास फुटी टेप आहे माझ्याकडे. रविवारी सकाळी साडेसहाला येतो, तेव्हा रस्ता मोकळा असतो, निवांत मोजता येईल.

निंबाची सावली, जळगाव | गुरुवार, सकाळी ८.१५

आबा, सकाळी नको. संध्याकाळी साडेसातला या. बाबाही येतो म्हणालेत, टेपचं एक टोक ते धरतील.